रेझिस्टन्स सॅम्पलचा की तारांचा? सूक्ष्म मोजणीसाठी वायरिंग आणि शिल्डिंग

साध्या मल्टिमीटरचे दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून ओहमची रेंज लावा. पडद्यावर शून्य येत नाही, ०.२, ०.३ असं काहीतरी येतं. तो प्रोबच्या तारांचा आणि टेकलेल्या टोकांचा रेझिस्टन्स. गीझरची कॉइल तपासताना त्याने काही अडत नाही. पण तुमच्यासमोरची धातूची फिल्म ०.०५ ओहमची असेल, तर मीटर जे दाखवतो त्यात फिल्म कमी आणि तारच जास्त. आता उलटी बाजू बघा. सॅम्पल १०० गिगाओहमचं असेल तर करंट केबलच्या इन्सुलेशनमधून आणि कनेक्टरवर बसलेल्या धुळीतूनही वाट काढतो, आणि मोजली जाते ती धूळ.

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी किंवा पीएच.डी.च्या पहिल्या वर्षात ज्यांच्या वाट्याला असा एखादा सेटअप येतो, त्यांच्यासाठी हा लेख आहे. यंत्राचं कुठलं बटण कशाचं ते मॅन्युअलमध्ये असतं. तारांचं मात्र ‘सीनियरने जोडलंय तसं राहू दे’ यावर चालतं, आणि सीनियर पोस्ट-डॉकला निघून गेला की कोणालाच काही कळत नाही. माझ्या मते या सगळ्या कामात एकच प्रश्न धरून बसावा: या तारेतून जाणारा करंट परत कुठून येतो? शिल्ड, अर्थिंग, गार्ड, पीळ या सगळ्यांची उत्तरं त्याच प्रश्नातून निघतात.

पायरी १ : सोल्डरिंग आयर्न तापवण्याआधी कागद-पेन्सिल

तीन आकडे लिहा. सॅम्पलचा अंदाजे रेझिस्टन्स, तुम्ही सोडणार तो करंट, आणि त्यांच्या गुणाकाराने येणारं व्होल्टेज. ०.०५ ओहम आणि १ मिलिअँपिअर म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट. १० ओहम आणि १ मायक्रोअँपिअर म्हणजे १० मायक्रोव्होल्ट. शत्रू कोण हे या आकड्यांवरून ठरतं. काही ओहमच्या खाली तारांचा रेझिस्टन्स आणि सांध्यांवर उष्णतेने तयार होणारं व्होल्टेज त्रास देतं. किलोओहमच्या आसपास ५० हर्ट्झची मेन्स. १०० मेगओहमच्या पुढे गळती.

चौथा आकडा हवा असेल तर तोही काढून ठेवा. कुठलाही रोधक नुसत्या तापमानामुळे स्वतःच नॉइज, म्हणजे बारीक अनियमित व्होल्टेज, तयार करतो. बेल लॅबमध्ये जॉन्सनने तो मोजला आणि नायक्विस्टने त्याचं गणित मांडलं, दोघांचे शोधनिबंध १९२८ मधले. खोलीच्या तापमानाला १ किलोओहमसाठी तो १ हर्ट्झच्या पट्ट्यात साधारण ४ नॅनोव्होल्ट असतो, १ मेगओहमसाठी १३० च्या आसपास. याच्या खालचं काही दिसावं म्हणून शिल्डवर शिल्ड चढवत बसू नका. तिथे सरासरी काढायची वेळ वाढवणं किंवा सॅम्पल थंड करणं एवढंच हातात असतं.

मग सर्किट काढा. पुस्तकातलं सुबक नको, खरं काढा: प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक केबलचं शिल्ड, प्रत्येक यंत्राची तीन पिनांची प्लग, कॉम्प्युटरकडे जाणारी यूएसबी किंवा जीपीआयबी केबल, क्रायोस्टॅटला (सॅम्पल अतिथंड ठेवणाऱ्या भांड्याला) जोडलेला व्हॅक्यूम पंप. ही चित्रं कधीच सुंदर दिसत नाहीत. पण लूप, म्हणजे नको तो करंट फिरत राहील अशी बंद वाट, कुठे तयार होतोय ते फक्त इथेच दिसतं.

पायरी २ : चार तारा

दोन तारा करंटसाठी, दोन व्होल्टेजसाठी. करंटच्या तारांवर कितीही व्होल्टेज पडलं तरी ते व्होल्टेजच्या तारांना दिसत नाही, आणि व्होल्टेजच्या तारांतून जवळपास करंटच वाहत नसल्यामुळे त्यांच्या रेझिस्टन्सचा प्रश्न उरत नाही. १९११ मध्ये लायडनला कामरलिंग ओनेस यांच्या प्रयोगशाळेत पाऱ्याचा रेझिस्टन्स ४.२ केल्विनजवळ एकदम कोसळला, ओहमच्या एक दशांशाच्या आसपासून एक लाखांशाच्याही खाली. दोन तारांनी मोजलं असतं तर तारांचाच रेझिस्टन्स शिल्लक दिसला असता आणि अतिवाहकता तिथेच लपून राहिली असती.

‘व्होल्टेजच्या तारांतून करंट वाहत नाही’ हे मात्र तुमच्या मीटरवर अवलंबून आहे. नॅनोव्होल्टमीटरचा इनपुट १० गिगाओहमच्या वर असतो, तिथे चिंता नाही. एस.आर. ८३० सारख्या लॉक-इनचा (ठरावीक फ्रिक्वेन्सीचाच एसी सिग्नल मोजणाऱ्या यंत्राचा) इनपुट १० मेगओहमचा आहे. व्होल्टेजचा एकेक कॉन्टॅक्ट १० किलोओहमचा लागला असेल तर ०.२ टक्के सिग्नल तिथेच गेला. सेमीकंडक्टरवाल्यांनी हे विसरू नये.

लॉक-इन वापरून करंट सोडायची स्वस्त पद्धत म्हणजे त्याच्या ऑसिलेटरच्या १ व्होल्ट आउटपुटला १ मेगओहमचा रोधक लावायचा; १ मायक्रोअँपिअर मिळतो. सॅम्पल आणि तारा मिळून १ किलोओहम झाले तरी करंट ०.१ टक्क्यानेच बदलतो. यात एक खाच आहे. करंटची तार तुटली तर चांगला करंट सोर्स ‘कम्प्लायन्स’चा (व्होल्टेजची मर्यादा गाठल्याचा) दिवा लावून ओरडतो, रोधक गप्प बसतो. करंट शून्य, व्होल्टेज शून्य, आणि ग्राफवर सुंदर अतिवाहक. म्हणून करंटच्या वाटेत आणखी एक नेमका माहीत असलेला रोधक, १०० ओहम किंवा १ किलोओहम, घालून त्याच्यावरचं व्होल्टेज दुसऱ्या मीटरने सतत नोंदवत राहा.

खोटं शून्य आणण्याचे इतरही मार्ग आहेत. दोन व्होल्टेज कॉन्टॅक्टच्या मधे सिल्व्हर पेस्टचा ओघळ आला की झालं. सॅम्पलला तडा जाऊन करंटची वाट व्होल्टेजच्या टोकांना वळसा घालून गेली की झालं. या मोजणीत शून्य हा सगळ्यांत सहज मिळणारा आकडा आहे, म्हणून त्याच्यावर सगळ्यांत उशिरा विश्वास ठेवा.

पायरी ३ : तार निवडणं आणि पिळणं

क्रायोस्टॅटच्या बाहेर चांगली शिल्ड असलेली, टेफ्लॉन इन्सुलेशनची तांब्याची जोड-तार घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळते. तिथे ‘शिल्डेड’ म्हणून जे देतात त्यातल्या काही केबलींची जाळी इतकी विरळ असते की आतलं इन्सुलेशन डोळ्यांनी दिसतं. अर्धा मीटर कापून सोलून बघा आणि मगच बंडल घ्या.

क्रायोस्टॅटच्या आत तांबं चालत नाही. जितकी वीज चांगली वाहून नेतं तितकीच उष्णताही वाहून नेतं, आणि तुमचं हेलियम संपतं. तिथे फॉस्फर ब्रॉन्झ किंवा मँगनिन, हे उष्णता कमी वाहून नेणारे मिश्रधातू. ३६ गेजच्या फॉस्फर ब्रॉन्झचा रेझिस्टन्स मीटरला १० ओहमच्या आसपास असतो. चार तारांच्या मोजणीत त्याने बिघडत नाही, पण हीटरसाठी हीच तार वापरू नका, नाहीतर तुम्ही तारच गरम कराल.

पीळ हा या कामातला सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग. करंट जाणारी आणि परत येणारी तार एकमेकींत पिळायची. व्होल्टेजच्या दोघी एकमेकींत. करंटची एक आणि व्होल्टेजची एक अशी जोडी कधीच नको. कारण गणित: आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरमुळे ५० हर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र १ मायक्रोटेस्ला असेल आणि तुमच्या दोन तारांमध्ये १०० चौरस सेंटिमीटर मोकळी जागा असेल, म्हणजे तळहाताएवढी, तर तिथे साधारण ३ मायक्रोव्होल्ट तयार होतात. पायरी १ मधल्या १० मायक्रोव्होल्टच्या शेजारी हे ठेवून बघा. पिळामुळे शेजारशेजारचे वेटोळे एकमेकांचं व्होल्टेज रद्द करतात.

हाताने पिळू नका, सारखं होत नाही. दोन तारांची एका बाजूची टोकं पकडीत घट्ट धरा, दुसऱ्या बाजूची हँड ड्रिलच्या चकमध्ये. तार हलकीशी ताणून सावकाश फिरवा, सेंटिमीटरला तीन-चार वेटोळे येईपर्यंत. थांबलात की लगेच सोडू नका. ताण धरून ड्रिल थोडं उलट फिरवा, म्हणजे मोकळी सोडल्यावर तार स्वतःभोवती गुंडाळत नाही. मग दोन्ही तारांमध्ये आणि प्रत्येक तार ते कॉपर ब्लॉक असा मल्टिमीटरचा बीप तपासा; तो वाजायला नको. एनॅमल कुठेतरी सोललेलं असण्याची शक्यता याच वेळी सर्वाधिक असते.

थंड भागावर तार नुसती टेकवून भागत नाही. तांब्याच्या बॉबिनवर आधी सिगारेटचा पातळ कागद जी.ई. वार्निशने चिकटवा, त्यावर तारेचे काही वेढे घ्या, वरून पुन्हा वार्निश. कागदामुळे तार आणि तांबं शॉर्ट होत नाही. टपरीवर मिळणारा हा कागद आजही अनेक क्रायोस्टॅटमध्ये सापडतो, आणि त्याहून बरा पर्याय माझ्या पाहण्यात नाही.

हीटरची जोडी वेगळ्या बाजूने न्या. तापमान राखण्यासाठी हीटरचा करंट सतत कमीजास्त होत असतो आणि शेजारच्या व्होल्टेजच्या तारेत ते सगळं उमटतं.

पायरी ४ : सांधे

इथे जरा थांबू, कारण कमी रेझिस्टन्सच्या मोजणीत निम्म्याहून जास्त दुखणी सांध्यांतच असतात.

दोन वेगवेगळे धातू जोडले आणि दोन सांध्यांच्या तापमानात फरक असला की व्होल्टेज तयार होतं. स्वच्छ तांबं दाबून तांब्याला जोडलं तर अंशाला ०.२ मायक्रोव्होल्टपेक्षा कमी. तांबं आणि शिसे-कथलाचं सोल्डर, अंशाला १ ते ३. तांबं आणि त्याच्यावर चढलेला काळपट ऑक्साइड, अंशाला हजाराच्या आसपास! म्हणजे आपल्या ५० मायक्रोव्होल्टच्या सिग्नलमध्ये सोल्डरच्या एका सांध्यावर एका अंशाचा फरक पडला तर २ ते ६ टक्के चूक, आणि काळवंडलेल्या लगवर (तारेच्या टोकाच्या धातूच्या पट्टीवर) स्क्रू आवळला असेल तर सिग्नल शोधावा लागेल.

म्हणून नॅनोव्होल्टमीटरच्या तांब्याच्या लग जोडण्याआधी बारीक पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा आणि आयसोप्रोपिलने पुसा. व्होल्टेजच्या दोन्ही तारांत सांध्यांची संख्या, धातू आणि क्रम सारखा ठेवा. एकीत दोन सोल्डर आणि एकीत एक, असं नको. जोडीचे सांधे एकमेकांना खेटून, एकाच धातूच्या तुकड्यावर, विजेच्या दृष्टीने वेगळे पण उष्णतेच्या दृष्टीने एकत्र. आणि त्यांच्यावर एसीचा झोत येत असेल तर थर्मोकोलचा डबा कापून झाकून टाका. दिसायला गबाळं दिसतं, काम चोख करतं.

उरलेलं व्होल्टेज करंटची दिशा बदलून काढायचं. करंट सरळ, उलट, पुन्हा सरळ, अशी तीन रीडिंग घ्या. पहिल्या आणि तिसऱ्याची सरासरी घेऊन त्यातून दुसरं वजा करा आणि दोनाने भागा. सांध्याचं व्होल्टेज करंटची दिशा ओळखत नाही, त्यामुळे ते निघून जातं. तीन रीडिंग घेतल्याने ते सावकाश सरकत असलं तरी निघून जातं. कीथलीच्या ६२२१ सोर्स आणि २१८२ए नॅनोव्होल्टमीटरच्या जोडीत ‘डेल्टा’ नावाची पद्धत आहे ती हीच. यंत्रात सोय नसेल तर प्रोग्रॅममध्ये चार ओळींत होते. लॉक-इनवाल्यांना हा त्रास नाही, त्यांचं मोजणं मुळातच एसी.

सॅम्पलवरच्या कॉन्टॅक्टचं थोडक्यात सांगतो, कारण ते सॅम्पलप्रमाणे बदलतं. धातूच्या फिल्मला सिल्व्हर पेस्ट आणि ५० मायक्रोमीटरची सोन्याची तार बहुतेक वेळा पुरते. ऑक्साइडवर इंडियम दाबून लावलेलं बरं. पेस्ट लावल्यावर प्रत्येक दोन कॉन्टॅक्टमधला रेझिस्टन्स वहीत लिहा, सहा जोड्या होतात. त्यांतून कुठला कॉन्टॅक्ट खराब आहे ते लगेच उघड होतं. आणि कॉन्टॅक्टमध्ये किती उष्णता होते ते काढा: १०० ओहमच्या कॉन्टॅक्टमध्ये १० मायक्रोअँपिअरने १० नॅनोवॉट, पण १ मिलिअँपिअरने १०० मायक्रोवॉट. ४ केल्विनला हे सॅम्पल थर्मामीटरपेक्षा गरम राहील आणि तुमचा ग्राफ सरकेल.

पायरी ५ : शिल्ड काय अडवतं आणि काय नाही

जवळून जाणाऱ्या २३० व्होल्टच्या वायरीची आणि तुमच्या उघड्या तारेची आपसातली कपॅसिटन्स १ पिकोफॅरड धरा, ही फार नाही. त्यातून साधारण ७० नॅनोअँपिअर करंट तुमच्या तारेत शिरतो. वाटेत १ मेगओहम असेल तर तिथे ७० मिलिव्होल्ट. भोवती शिल्ड असली की हा करंट शिल्डवर उतरतो आणि अर्थकडे निघून जातो. विजेच्या क्षेत्राविरुद्ध पातळ जाळी, अॅल्युमिनियमचा डबा, अगदी स्वयंपाकघरातला फॉइलसुद्धा चालतो, अट एवढीच की तो अर्थला जोडलेला हवा. कुठेच न जोडलेली शिल्ड हा फक्त मोठा अँटेना.

चुंबकीय क्षेत्राला मात्र ही जाळी विचारतही नाही. ५० हर्ट्झला तांब्यात क्षेत्र घटायला ९ मिलिमीटरच्या वर जाडी लागते. केबलची जाळी त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तिथे पीळ, अंतर, आणि अगदीच नड असेल तर म्यू-मेटल, म्हणजे चुंबकीय क्षेत्र स्वतःत ओढून घेणारा मिश्रधातू. शिल्ड लावूनही ५० हर्ट्झ जात नाही अशी तक्रार आली की मी आधी केबलच्या मार्गाकडे बघतो: ट्रान्सफॉर्मर असलेल्या जुन्या पॉवर सप्लायवरून ती गेलेली असते.

शिल्डचा उपयोग करंट परत आणायला करू नका. साध्या बीएनसी केबलमध्ये (मधे एक तार, भोवती जाळी) नेमकं हेच घडतं, जाळी हीच परतीची तार असते आणि जाळीवरचा सगळा कचरा सिग्नलमध्ये मिसळतो. सूक्ष्म मोजणीत दोन बीएनसी वापरून लॉक-इन ‘ए उणे बी’ या फरक मोजणाऱ्या इनपुटवर ठेवा. दोन्ही केबल एकाच लांबीच्या, एकमेकींना बांधलेल्या.

लॉक-इनची फ्रिक्वेन्सी अशी घ्या की तिची दुप्पट-तिप्पट ५० च्या जवळ येणार नाही. २५ आणि १६.७ नको, १३.७ किंवा १९.३ सारखी घ्या. डीसी मीटरवर एका रीडिंगची वेळ मेन्सच्या पूर्ण चक्रांत ठेवा, आपल्याकडे एक चक्र २० मिलिसेकंदांचं. परदेशातून आलेल्या जुन्या मीटरवर ६० हर्ट्झ तर सेट नाही ना, ते आधी बघा.

मोबाइलचं काय? रेडिओ लहरी धातू-सेमीकंडक्टरच्या कॉन्टॅक्टवर आल्या की त्यांचं डीसी व्होल्टेज बनतं आणि रीडिंग नुसतंच सरकतं, कुठे नॉइज दिसत नाही. केबलजवळ फोन ठेवून कोणाला तरी कॉल करायला सांगा. रीडिंग हललं तर क्रायोस्टॅटच्या तोंडाशी फिल्टर आणि केबलवर फेराइटचे मणी हवेत.

पायरी ६ : अर्थिंग

एक नियम आधी, आणि त्याला अपवाद नाही. नॉइज कमी करण्यासाठी कुठल्याही यंत्राची तिसरी पिन काढायची नाही, तिच्यावर टेप लावायची नाही. ती पिन तुमच्या जिवासाठी आहे. लूप तोडायचा तर सिग्नलच्या बाजूने तोडा.

लूप बनतो कसा? करंट सोर्स एका बोर्डावर, लॉक-इन समोरच्या भिंतीवरच्या बोर्डावर. दोघांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असतोच. दोघांना शिल्डने जोडलं की त्या फरकामुळे शिल्डमधून ५० हर्ट्झचा करंट फिरू लागतो. उपाय साधा: सगळी मोजणीची यंत्रं एकाच बोर्डावर, आणि पंप, चिलर, कॉम्प्रेसर दुसऱ्यावर. शिल्ड एकाच टोकाला अर्थ करा, शक्यतो जिथे सिग्नलचा संदर्भ आहे तिथे. लॉक-इनवर ‘फ्लोट’ आणि ‘ग्राउंड’ असा पर्याय असतो. एस.आर. ८३० मध्ये फ्लोटला शिल्ड १० किलोओहममधून अर्थला जाते, ग्राउंडला १० ओहममधून. सॅम्पल दुसरीकडे कुठे अर्थ असेल तर फ्लोट, नसेल तर ग्राउंड.

तपासायची रीत अशी. अर्थचा तो एकमेव जोड तात्पुरता काढा. शिल्ड ते अर्थ मल्टिमीटर लावा. उघडं दाखवायला हवं. बीप वाजला तर कुठेतरी चोरवाट आहे. एकेक केबल काढत जा, बीप थांबला की चोर सापडला. बहुतेक वेळा तो यूएसबी किंवा जीपीआयबी केबलमध्ये असतो, कारण कॉम्प्युटरची अर्थ तिथून येते. ऑप्टिकल आयसोलेटर लावा, किंवा निदान शोध घेताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा. पण सगळ्यांत फसवी वाट व्हॅक्यूम पंपाची. पंपाची धातूची नळी क्रायोस्टॅटला पंपाच्या अर्थशी जोडते आणि चित्रात ती कोणी काढलेलीच नसते. मधे प्लॅस्टिकची सेंटरिंग रिंग आणि प्लॅस्टिकचा क्लॅम्प घातला की वाट तुटते. क्रायोस्टॅटला मग त्याची स्वतःची एक जाड अर्थ-तार हवीच.

बोर्डाच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसत असेल तर तो तुमच्या केबलचा विषय नाही. इलेक्ट्रिशियनला बोलवा, सॉकेटमध्ये स्वतः प्रोब खुपसत बसू नका.

पायरी ७ : मेगओहमच्या पुढे, गार्ड

सॅम्पल १०० गिगाओहमचं आणि साध्या केबलच्या आतलं इन्सुलेशन दमट हवेत तेवढ्याच रेझिस्टन्सचं झालं, तर मीटर ५० दाखवणार. आकडा स्थिर असतो, सुरेख असतो, आणि निम्मा चुकीचा असतो.

गार्डची युक्ती अशी की सिग्नलच्या तारेभोवतीच्या आतल्या शिल्डला यंत्र स्वतःच सिग्नलएवढ्याच व्होल्टेजवर धरून ठेवतं. दोन टाक्यांतलं पाणी एका पातळीला असेल तर मधल्या नळातून काही वाहत नाही. तसंच तार आणि गार्ड यांच्यात व्होल्टेजचा फरक नाही म्हणून गळती नाही. गार्डमधून बाहेरच्या शिल्डकडे करंट गळतोच, पण तो यंत्राचा गार्ड-अॅम्प्लिफायर पुरवतो, तुमच्या मोजणीत तो येत नाही. यासाठी तीन थरांची ट्रायअॅक्सियल केबल लागते: मधे सिग्नल, मग गार्ड, बाहेर अर्थ. ट्रायअॅक्सचं बीएनसी करणारा अडॅप्टर लावताना गार्ड कशाला जोडला जातोय ते बघा. अडॅप्टरने गार्ड अर्थला शॉर्ट केला की सगळी मेहनत पाण्यात. गार्ड सॅम्पलच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या, सॅम्पल होल्डरच्या कडेपर्यंत. सोर्स १०० व्होल्टवर असेल तर गार्डवरही १०० व्होल्ट असतात, त्यामुळे बाहेरचं आवरण उघडून हात लावू नका.

गार्डचा आणखी एक फायदा वेळेचा. १०० गिगाओहम आणि केबलचे १०० पिकोफॅरड यांचा वेळ-स्थिरांक १० सेकंद होतो. रीडिंग टेकायला पाऊण-एक मिनिट लागतं. गार्ड लावल्यावर ती कपॅसिटन्स जवळजवळ दिसेनाशी होते.

या टप्प्यावर केबल हलवणंसुद्धा गुन्हा आहे. वाकवल्यावर इन्सुलेशन आणि जाळी घासून भार तयार होतो. ग्रॅफाइटचा थर असलेली लो-नॉइज केबल घ्या आणि टेबलाला चिकटवून टाका. इन्सुलेशन टेफ्लॉनचं असू द्या, पण बोटांचे ठसे त्यालाही चुकत नाहीत. हातमोजे घाला, आयसोप्रोपिलने धुवा, कोरड्या नायट्रोजनने वाळवा. मुंबईत किंवा कोकणात जून ते सप्टेंबर हे काम करायचं तर सॅम्पलचा डबा सिलिका जेलसकट बंद हवा. नाहीतर सॅम्पलऐवजी पावसाळा मोजाल.

पायरी ८ : सॅम्पल लावण्याआधी आणि लावल्यावर

आधी सॅम्पलच्या जागी, त्याच होल्डरवर, त्याच तारांनी एक चांगला माहीत असलेला रोधक लावा. तुमच्या अपेक्षित रेझिस्टन्सच्या जवळचा. तो बरोबर आला नाही तर सॅम्पल लावून काही सुधारणार नाही. मग होल्डरवर चार तारा एकाच बिंदूला सोल्डर करून शून्य मोजा. आलेला आकडा ही तुमच्या सेटअपची खरी मर्यादा.

सॅम्पल लावल्यावर:

करंट दुप्पट करा. व्होल्टेज दुप्पट व्हायला हवं. जास्त-कमी झालं तर सॅम्पल गरम होतंय किंवा कॉन्टॅक्ट सरळमार्गी नाही.

करंट शून्य करा. जे उरलं ते सांध्यांचं, गळतीचं किंवा मोबाइलचं.

करंटच्या आणि व्होल्टेजच्या जोड्यांची अदलाबदल करा. चुंबकीय क्षेत्र नसताना उत्तर तेच यायला हवं, सॅम्पलचा आकार कसाही असो. या एका चाचणीत गळती, खराब कॉन्टॅक्ट आणि चुकीची जोडणी तिन्ही पकडली जातात, म्हणून वेळ कमी असेल तर हिला तरी फाटा देऊ नका.

लॉक-इनवर ९० अंशांच्या फेजमधलं व्होल्टेज बघा. मुख्य सिग्नलच्या काही टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर करंट कपॅसिटन्समधून पळतोय. फ्रिक्वेन्सी निम्मी करा आणि ते किती घटतं ते बघा.

कॉन्टॅक्ट किलोओहमचे असतील तर आणखी एक हिशोब. अर्थच्या बाजूच्या करंट कॉन्टॅक्टवर १० किलोओहम आणि १ मायक्रोअँपिअर म्हणजे दोन्ही व्होल्टेज तारा १० मिलिव्होल्टने वर उचलल्या गेल्या. लॉक-इन हे सामाईक व्होल्टेज १०० डेसिबलने, म्हणजे लाखपट, दाबतो, तरी ०.१ मायक्रोव्होल्ट शिल्लक राहतं. आपल्या १० मायक्रोव्होल्टमध्ये हा १ टक्का. अदलाबदलीच्या चाचणीत एवढाच फरक दिसला तर गोंधळू नका, कॉन्टॅक्ट सुधारा.

नाजूक सॅम्पल, विशेषतः नॅनोमीटरचे डिव्हाइस, जोडताना आणि काढताना ब्रेकआउट बॉक्सवरचे (प्रत्येक तार वेगळ्या स्विचवर आणणाऱ्या डब्यावरचे) सगळे स्विच आधी अर्थवर टाका, मनगटाला अर्थची पट्टी लावा, करंट शून्यावर आणा, मगच केबल हलवा. पुन्हा जोडताना क्रम उलटा: केबल, मग करंटचे स्विच, मग व्होल्टेजचे. हा क्रम बॉक्सच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवा, सोबत कुठल्या पिनवर कुठली तार आहे त्याचा तक्ता आणि शेवटची तपासणी झाल्याची तारीख.